बेळगाव सीमाभागातून जर्मनीकडे: भाषेचे वर्ग आणि तिथले पहिले वर्ष (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतून आणि सीमेपलीकडच्या चंदगड-कागलमधूनही जर्मन भाषेविषयी व जर्मनीत राहण्याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे देणारा माणूस टिळकवाडीत वाढलेला, काही वर्षे दक्षिण जर्मनीत राहून परतलेला आणि सध्या जर्मन शिकवणारा आहे. तो व्हिसाचा सल्लागार नव्हे. शुल्क आणि नियम बदलत असतात, म्हणून पैसे भरण्यापूर्वी आपल्याला लागू असलेली अट जर्मन दूतावासाच्या संकेतस्थळावर एकदा पडताळून घ्यावी.

१. ए१, बी१, बी२ म्हणजे नेमके काय, आणि मला कुठपर्यंत शिकावे लागेल?

युरोपात भाषेचे ज्ञान सहा पायऱ्यांत मोजतात: ए१, ए२, बी१, बी२, सी१ आणि सी२. ए१ला स्वतःची ओळख, वेळ, भाव आणि पत्ता सांगता येतो. बी१ला कुठे आणि कधीपासून दुखते हे डॉक्टरांना सांगता येते आणि घरमालकाच्या पत्राचा अर्थ लागतो. बी२ला सहकाऱ्याचे म्हणणे खोडून काढता येते. सी१ला विद्यापीठातले व्याख्यान झेपते. कुठपर्यंत शिकायचे हे आपण कशासाठी जाता यावर अवलंबून आहे. पतीकडे किंवा पत्नीकडे जाणाऱ्यांना सर्वसाधारणपणे ए१ लागते (अपवाद प्रश्न ९ मध्ये), आउसबिल्डुंग म्हणजे पगारी व्यवसाय-प्रशिक्षणासाठी बहुधा बी१, परिचारिकांना बी२ (प्रश्न १३), आणि जर्मन माध्यमातून पदवी घ्यायची असेल तर सी१च्या जवळपास. जून २०२४पासून सुरू झालेल्या 'चान्सेनकार्टे'साठी, म्हणजे नोकरी शोधण्याच्या परवान्यासाठी, ए१ जर्मन किंवा बी२ इंग्रजी ही किमान अट आहे. इंग्रजी माध्यमातल्या एम.एस.च्या प्रवेशासाठी जर्मन लागत नाही. मात्र भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२पासून एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागद तपासल्याचा दाखला, बंधनकारक आहे, आणि व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या) विद्यार्थ्यांनी विद्यापीठाकडून कागद मिळवण्याचा वेळही त्या हिशेबात धरावा.

२. बेळगावात राहून शिकता येते का, की पुण्याला किंवा बेंगळुरूला खोली घेऊन राहावे लागेल?

शिकता येते. ग्योटे इन्स्टिट्यूटची, म्हणजेच मॅक्स म्युलर भवनाची, आपल्याला सोयीची दोन केंद्रे पुण्यात आणि बेंगळुरूत आहेत, आणि बेळगाव या दोहोंच्या मधल्या वाटेवर पडते. त्यांचे ऑनलाइन वर्गही असतात. माझ्या मते ए१ आणि ए२ घरूनच करावे, कारण या टप्प्यावर रोजच्या सरावाला महत्त्व आहे आणि तो घरच्या जेवणावर अधिक नीट होतो. बी१पासून मात्र समोरासमोर बोलण्याची संधी जिथे मिळेल तिथे जाण्याचा खर्च वाया जात नाही. गल्लीतल्या एखाद्या क्लासला जाणार असाल तर शिकवणाऱ्याकडे स्वतःचे किमान बी२चे प्रमाणपत्र आहे का हे न संकोचता विचारावे. ए१ पास झालेल्याने ए१ शिकवण्याची प्रथा आपल्याकडे फोफावली आहे, आणि तिथे पक्के झालेले चुकीचे उच्चार पुढे काढता काढता वर्ष जाते.

३. एजंट म्हणतो की तीन महिन्यांत बी१ होते. हे खरे आहे का?

नोकरी न करता, दिवसाला सहा-सात तास देऊन, भाषेची जाण असलेल्या एखाद्याला ते जमतेही. ग्योटे इन्स्टिट्यूटचा स्वतःचा अंदाज असा आहे की शून्यापासून ए१पर्यंत पोहोचायला ८० ते २००, आणि बी१पर्यंत ३५० ते ६५० तासिका लागतात, आणि एक तासिका ४५ मिनिटांची असते. आठवड्याला दहा तास वर्ग धरला तर बी१ला सहा महिने ते एक वर्ष लागते, आणि यात घरचा अभ्यास मोजलेला नाही. तीन महिन्यांच्या हिशेबाने दिलेला राजीनामा परत घेता येत नाही, एवढे लक्षात ठेवून तारखा ठरवाव्यात.

४. माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले आणि इंग्रजी कच्चे आहे. मला जर्मन जमेल का?

हा प्रश्न सर्वाधिक येतो आणि विचारणाऱ्याचा स्वर बहुधा अपराधी असतो, म्हणून याचे उत्तर विस्ताराने देत आहे. जर्मनची वाट इंग्रजीतूनच जाते हा समज चुकीचा आहे. कित्येक ठिकाणी मराठी माणसाला इंग्रजी विसरून थेट मराठीतून जर्मनकडे जाणे सोपे पडते.

जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत: डेर, डी, डास. इंग्रजीतून शिकणाऱ्याला निर्जीव वस्तूला लिंग असते हेच आधी पचवावे लागते. आपण तर तो, ती, ते यांवरच वाढलो आहोत. घर, पुस्तक आणि पाणी मराठीत नपुंसकलिंगी आहेत, आणि हाउस, बूख, वासर हे त्यांचे जर्मन प्रतिशब्दही नपुंसकलिंगीच आहेत. अर्थात प्रत्येक वेळी असे जुळत नाही. सूर्य तिथे स्त्रीलिंगी आहे, दूध स्त्रीलिंगी आहे, खिडकी नपुंसकलिंगी आहे. ताटाशेजारी बसून पाठ करण्याजोगी जोडी अशी: चमचा तो (डेर ल्योफल), काटा ती (डी गाबल), सुरी ते (डास मेसर). त्यामुळे शब्द पाठ करताना त्याचे लिंग सोबतच पाठ करावे. पण लिंग ही काय भानगड आहे, हे आपल्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

अंकांचेही तसेच आहे. एकवीसला जर्मन 'आइन-उंट-त्स्वान्त्सिश' म्हणतात, म्हणजे 'एक आणि वीस'. सत्तेचाळीसला 'सात आणि चाळीस'. इंग्रजी माध्यमातली मुले फोन नंबर लिहून घेताना इथे हमखास अडखळतात, आणि बाजारात एकवीस-बावीस करणारी आपली मुले सहज लिहितात. अडचण येते ती फक्त एकोणतीस, एकोणचाळीस अशा आकड्यांत, कारण जर्मन तिथे तीसातून एक वजा करत नाहीत, 'नऊ आणि वीस' असेच म्हणतात.

'मला थंडी वाजते', 'मला हे आवडते' या वाक्यांतला 'मला' जर्मनमध्ये जसाच्या तसा 'मिर' होऊन येतो: 'मिर इस्ट काल्ट', 'मिर गेफेल्ट डास'. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी इथे 'मी थंड आहे' असे काहीतरी बनवतो, आणि जर्मनमध्ये त्याचा अर्थ भलताच होतो. गौणवाक्यात क्रियापद शेवटी जाते, म्हणजे 'कारण मी आजारी आहे' हाच क्रम तिथेही येतो. तू आणि तुम्ही यांतला फरक कोणाला शिकवायला नको: 'डू' आणि 'झी'.

उच्चारांत आपली चांदी आहे. जर्मन 'झेड' अक्षराचा उच्चार म्हणजे आपल्या 'चमचा', 'चाक' या शब्दांतला दंत्य च. दहाला जर्मनमध्ये म्हणतात तो 'त्सेन' मराठी माणूस पहिल्या दिवशी बरोबर म्हणतो. आणि ज्यांना कन्नड येते त्यांना आणखी एक लाभ आहे, ज्याचा विचार आपल्याकडे फारसा कोणी करत नाही. कन्नडमध्ये ए आणि ओ हे स्वर ऱ्हस्व व दीर्घ असे दोन प्रकारचे असतात आणि त्यांनी अर्थ बदलतो; मराठीत हा भेद नाही. जर्मनमध्ये तो आहे. 'ओ' ऱ्हस्व असेल तर 'ओफन' म्हणजे उघडे, आणि दीर्घ असेल तर 'ओऽफन' म्हणजे भट्टी. शाळेत नाइलाजाने शिकलेल्या कन्नडचा कान इथे कामाला येतो. माझ्या वर्गात खानापूरच्या मुलांचे ऱ्हस्व-दीर्घ पुण्याच्या मुलांपेक्षा लवकर सुधारते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

अवघड काय आहे, तर 'यु' आणि 'ओ' यांवर दोन टिंबे असलेले स्वर, तुटून वाक्याच्या शेवटी जाणारी क्रियापदे, आणि विभक्तीप्रमाणे बदलणारी विशेषणे. पहिल्यासाठी उपाय सांगतो: ओठ 'ऊ' म्हणताना करतो तसे गोल करावेत आणि तोंडाच्या आत 'ई' म्हणावे. घरच्यांनी हसावे असा चेहरा होतो, पण आवाज बरोबर येतो.

५. परीक्षेत काय असते, आणि एका भागात नापास झाल्यास सगळी परीक्षा पुन्हा द्यावी लागते का?

ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे असे चार भाग असतात. ग्योटेच्या ए१ परीक्षेत १००पैकी ६० गुण लागतात आणि ती संपूर्णच द्यावी लागते. बी१ परीक्षा मात्र सुट्या भागांची आहे. प्रत्येक भागाला १००पैकी ६० लागतात आणि राहिलेला भाग तेवढाच पुन्हा देता येतो. आपली मुले बहुधा ऐकण्यात अडकतात, कारण वर्गात शिक्षक सावकाश बोलतात आणि ध्वनिफितीतला रेल्वेस्थानकावरचा उद्घोषक सावकाश बोलत नाही. रोज वीस मिनिटे जर्मन बातम्या, अर्थ लागो न लागो, कानावर घ्याव्यात. व्हिसासाठी ग्योटेखेरीज टेल्क, ओएसडी आणि टेस्टडाफ यांची प्रमाणपत्रेही चालतात. प्रमाणपत्रावर मुदत छापलेली नसली तरी ते फार जुने झाल्यास मागणारे कार्यालय नवे मागू शकते.

६. परीक्षा न देता प्रमाणपत्र मिळवून देतो असे एक जण म्हणतो. घ्यावे का?

घेऊ नये. प्रमाणपत्र खरे आहे की नाही हे दूतावास देणाऱ्या संस्थेकडूनच तपासून घेऊ शकतो, आणि ए१चे प्रमाणपत्र हातात असलेल्या माणसाला खिडकीवरच्या अधिकाऱ्याने साधा प्रश्न विचारला की गोष्ट तिथेच संपते.

७. मी निपाणीचा आहे. व्हिसासाठी मुंबई जवळ पडते. तिथे अर्ज करता येईल का?

आपण जिथे राहता ते राज्य कोणत्या वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येते यावर हे ठरते. किलोमीटर मोजले जात नाहीत. कर्नाटक आणि केरळ बेंगळुरूच्या कक्षेत आहेत, महाराष्ट्र मुंबईच्या. त्यामुळे कोगनोळी नाक्याच्या अलीकडचा निपाणीकर बेंगळुरूला जातो आणि दूधगंगेच्या पुलापलीकडचा कागलचा त्याचा मावसभाऊ मुंबईला. याचीच दुसरी बाजू शिनोळीची आहे: घर चंदगड तालुक्यात, बाजार, दवाखाना आणि कॉलेज बेळगावात, पण व्हिसा मुंबईचा. सीमेची ही गंमत आपल्याला नवी नाही. नोकरीनिमित्त पुण्यात खरोखर राहत असाल तर भाडेकरार आणि कंपनीचे पत्र असा वास्तव्याचा पुरावा देऊन मुंबईत अर्ज करता येतो; केवळ सोय म्हणून मामाचा पत्ता टाकल्यास अर्ज परत येतो आणि भेटीची वेळ मिळवण्याचे सगळे पहिल्यापासून सुरू होते.

८. पासपोर्टवर 'बेळगाव' आणि नव्या दाखल्यावर 'बेळगावी' आहे, शिवाय नावांचाही मेळ नाही. काय करावे?

शहराच्या नावाची काळजी करू नये. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटक सरकारने बारा शहरांची इंग्रजीतली नावे बदलली, त्यांत आपले शहर होते. त्यामुळे आधीच्या कागदांवर जुने आणि नंतरच्या कागदांवर नवे नाव असणार, हे बेंगळुरूच्या कार्यालयाला ठाऊक असते. अर्जात पासपोर्टवर जसे आहे तसेच लिहावे आणि दुसऱ्या नावाचा एका ओळीत खुलासा जोडावा.

माणसाच्या नावाचे प्रकरण अधिक नाजूक आहे. आपल्याकडे एकाच व्यक्तीची नावे तीन रीतींनी लिहिली गेलेली असतात: घरी नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा मराठी क्रम, शाळेच्या दाखल्यावर कन्नड पद्धतीने आद्याक्षरे पुढे, आणि शिधापत्रिकेवर मराठी आडनाव कन्नड लिपीतून पुन्हा इंग्रजीत आल्यामुळे जाधवचा ह गळलेला किंवा चव्हाणचा वाढलेला. जर्मन कारकुनासाठी ही तीन वेगळी माणसे असतात. एसएसएलसीचा (दहावीचा) दाखला आणि पासपोर्ट हे दोन कागद आधी जुळवावेत आणि बाकीचे त्यांच्यामागे आणावेत. लग्नात नाव बदललेल्या स्त्रियांनी, विशेषतः माहेरचे पहिले नावच बदलले असेल तर, विवाह नोंदणीचा दाखला आणि पासपोर्ट यांवर एकच नाव आहे याची खात्री व्हिसाच्या वर्षभर आधी करावी. एका विद्यार्थिनीचे सर्व कागद तयार होते, परंतु दाखल्यावर सासरचे आणि पासपोर्टवर माहेरचे नाव असल्यामुळे तिची पाच महिन्यांची तयारी थांबली. पतीने तिकडे घेतलेल्या घराचे भाडे तेवढे चालू राहिले.

आणखी एक सूचना, कारण यात पैसे वाया जातात: भारतातल्या कागदांवर घेतलेला अपोस्टिलचा शिक्का जर्मनीत ग्राह्य धरला जात नाही, कारण त्या करारातल्या भारताच्या प्रवेशाला जर्मनीने आक्षेप नोंदवलेला आहे. दुसऱ्या एखाद्या देशासाठी तो लागत असेल, पण जर्मनीसाठी कोणी हजारो रुपये घेऊन शिक्का मारून देत असेल तर नम्रपणे नको म्हणावे. कन्नडमधल्या दाखल्यांचे मान्यताप्राप्त भाषांतर मात्र करून घ्यावे लागते.

९. माझे यजमान तिथे नोकरी करतात. मला ए१ची परीक्षा द्यावीच लागेल का?

त्यांच्याकडे युरोपीय ब्ल्यू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना, असेल तर व्हिसासाठी भाषेचे प्रमाणपत्र मागत नाहीत. इतर परवाने असतील तर त्यांच्या कार्डावर छापलेले कलम पाहावे आणि दूतावासाच्या कागदांच्या यादीत ते सवलतीत आहे का हे तपासावे. घरच्या गप्पांत 'त्यांचा वर्क परमिट आहे' एवढ्यावर भागत नाही. सूट असली तरी मी ए१ करून जाण्याचाच सल्ला देतो. यजमान सकाळी कामाला जातात; दारावर पार्सल घेऊन आलेल्या माणसाशी, पाणी गळते म्हणून आलेल्या नळवाल्याशी आणि बालवाडीतल्या बाईंशी बोलणे आपल्याच वाट्याला येते.

१०. पोहोचल्यानंतर पहिल्या पंधरवड्यात काय करायचे असते?

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत 'आनमेल्डुंग', म्हणजे पत्त्याची नोंदणी, करायची असते. त्यासाठी घरमालकाची सही असलेला एक कागद लागतो, ज्याचे नाव 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग' असे आहे. हे नाव एका दमात म्हणता आले की ए२ झाले असे मी वर्गात गमतीने सांगतो. नोंदणी झाल्यावर करक्रमांक टपालाने घरी येतो. बँक, आरोग्यविमा आणि पगार यांची कामे या नोंदणीभोवती फिरतात. मोठ्या शहरांत भेटीची वेळ, म्हणजे 'टेर्मीन', लवकर मिळत नाही, म्हणून ती इथून निघण्यापूर्वीच ऑनलाइन शोधायला लागावे.

आणि टपालपेटीवर नाव लावावे. ही बाब लहान वाटते म्हणून थोडी सविस्तर सांगतो. जर्मन पत्त्यात रस्ता आणि इमारतीचा क्रमांक असतो, सदनिकेचा क्रमांक बहुधा नसतो. टपालवाला खालच्या दारातल्या पेट्यांवरची आडनावे वाचून पत्रे टाकतो. मी गेलो तेव्हा पेटीवर आधीच्या भाडेकरूचे नाव तसेच राहिले होते आणि मला वाटले की तिसऱ्या मजल्याचा उल्लेख पत्त्यात केला म्हणजे झाले. बँकेच्या कार्डाचे पाकीट परत गेले, मग त्याचा गुप्त क्रमांक परत गेला, आणि तीन आठवडे मी उसन्या पैशांवर काढले. शेवटी वहीच्या कागदाची पट्टी कापून त्यावर आडनाव लिहिले आणि चिकटपट्टीने लावली. दुसऱ्याच दिवशी पत्र आले.

पत्रांमध्ये घरटी महिना १८.३६ युरोंच्या प्रसारण शुल्काची मागणी असेल. टीव्ही नाही म्हणून ती फसवणूक समजून फेकून देऊ नये. ते शुल्क खरे असते आणि न भरल्यास दंड वाढत जातो. जर्मनीत महत्त्वाचे ते अजूनही कागदावर येते.

११. तिथे गेल्यावर सरकारी भाषावर्ग मिळतो का?

'इंटिग्राट्सिओन्सकुर्स' नावाचा वर्ग असतो: भाषेच्या ६०० तासिका आणि देशाचा इतिहास, कायदा व समाज यांच्या १००. कौटुंबिक किंवा नोकरीच्या परवान्यावर दीर्घकाळासाठी आलेल्यांना परदेशी नागरिक कार्यालयाकडून त्याचे पत्र मिळू शकते. विद्यार्थ्यांना ते सहसा मिळत नाही. पत्र मिळालेल्याला शुल्कमाफी नसल्यास तासिकेमागे २.२९ युरो, म्हणजे पूर्ण वर्गाला सुमारे १,६०० युरो पडतात. शेवटी ए२ ते बी१ पातळीची भाषापरीक्षा होते, आणि 'लेबेन इन डॉइचलांट' ही ३३ प्रश्नांची चाचणी होते. तीत १५ उत्तरे बरोबर आल्यास उत्तीर्ण, आणि पुढे नागरिकत्वासाठी तीच चाचणी वापरायची असल्यास १७ लागतात. पत्र मिळत नसल्यास गावोगावच्या 'फोल्क्सहोखशूले'त, म्हणजे प्रौढांच्या लोकशाळेत, माफक शुल्कात संध्याकाळचे वर्ग असतात.

वर्गात कोणाचीच भाषा कोणाला येत नाही, हा या वर्गांचा मोठा गुण आहे. इथे बेळगावात अडले की आपण मराठी, हिंदी किंवा कन्नडवर उडी मारतो. तिथे शेजारी सीरियातला न्हावी आणि युक्रेनची शिक्षिका बसलेली असते, आणि खोडरबर मागायचे तर जर्मनमध्येच मागावे लागते.

१२. माझ्या कार्यालयात सगळे इंग्रजी बोलतात. मग जर्मन कशाला?

कार्यालयापुरते चालेल. घर भाड्याने मिळवणे, डॉक्टरांच्या स्वागतिकेशी फोनवर बोलणे, कराच्या पत्राला उत्तर देणे ही कामे मात्र इंग्रजीत होतीलच असे नाही. सीमाभागातल्या माणसाला हे वेगळे समजावण्याची गरज नसावी: बेळगावच्या बाजारात मराठीवर सगळे भागते, पण तहसील कार्यालयाच्या खिडकीवर कन्नड येणाऱ्याचे काम आधी होते.

१३. मी जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग केले आहे. बी१ वर जाता येते का?

अनेकदा जाता येते, पण परिचारिका म्हणून नव्हे. आधी तिथल्या राज्याच्या कार्यालयाकडून आपल्या पदवीची तुलना होते आणि काय कमी पडते याचा निर्णय लेखी मिळतो. ती कमतरता भरून काढण्यासाठी अनुकूलन प्रशिक्षण किंवा ज्ञानपरीक्षा असे मार्ग असतात, आणि पूर्ण परवान्यासाठी बहुतेक ठिकाणी बी२ लागते. तोवर साहाय्यकाचे काम आणि साहाय्यकाचा पगार मिळतो. करार वाचताना परवाना मिळण्यापूर्वीचा आणि नंतरचा असे दोन्ही पगार लिहिलेले आहेत का, आणि नोकरी सोडल्यास किती रक्कम परत मागितली आहे, हे पाहावे. शक्य असेल तर बी२ इथूनच करून जावे. बारा तासांच्या पाळीनंतर पुस्तक उघडणे किती जमते हे नर्सिंग केलेल्यांना मी सांगायला नको.

१४. शेजारी तक्रार करतात असे ऐकले आहे. कशाबद्दल?

आवाजाबद्दल. रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी पूर्ण दिवस शांततेचा धरतात. पहाटे पाचला इडलीच्या पिठाचा मिक्सर लावणे हा तिथे गंभीर विषय आहे. रविवारी भिंतीत ड्रिल चालत नाही, काचेच्या बाटल्या कचराकुंडीत टाकणेही चालत नाही, आणि दुकाने बंद असल्यामुळे शनिवारी दूध-भाजी आणून ठेवावी लागते. कागद, प्लॅस्टिक, ओला आणि उरलेला असा कचरा वेगळा ठेवायचा असतो. पाण्याच्या बहुतेक प्लॅस्टिक बाटल्यांवर २५ सेंट अनामत असते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात परत द्यावी. तक्रार आली तर घाबरून दार लावून घेऊ नये. शेजारच्या आजींना दिवाळीत घरच्या चकल्या नेऊन दिल्या आणि तीन वाक्ये चुकीच्या जर्मनमध्ये बोललो, त्यानंतर त्या माझ्या फोडणीचा वास आला की जिन्यात आज काय केले म्हणून विचारू लागल्या.

१५. वर्गात शिकलेले जर्मन बव्हेरियात समजत नाही, हे खरे का?

पहिले काही आठवडे खरे. पुण्याच्या पुस्तकातली मराठी शिकून आलेल्या माणसाने बेळगावात 'काय करूलालास' ऐकावे, तसे होते. बोली कानावर पडू द्यावी, आपण मात्र प्रमाण भाषेतच बोलावे. ती सर्वांना कळते. समजले नाही की 'वी बिटे?' म्हणावे, मान डोलावू नये.

१६. आपला वाहन परवाना चालतो का?

तिथे राहायला लागल्यापासून सहा महिने चालतो, सोबत भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परवाना ठेवावा. त्यानंतर तिथली लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. अपघात किंवा जीवघेण्या आजारासाठी ११२, पोलिसांसाठी ११०, आणि रात्री-सुट्टीच्या दिवशी न थांबणाऱ्या पण जीवघेण्या नसलेल्या दुखण्यासाठी ११६११७ हे क्रमांक फोनमध्ये ठेवावेत.

१७. मुले शाळेत कशी रुळतील, आणि गणपतीला त्यांना गावी आणता येईल का?

लहान मुले सहसा आपल्याआधी बोलू लागतात. अनेक शाळांत नव्याने आलेल्यांसाठी वेगळे जर्मन वर्ग असतात. घरात मराठीच बोलावे. मुलांचे जर्मन सुधारावे म्हणून आईवडिलांनी आपल्या मोडक्या जर्मनमध्ये त्यांच्याशी बोलणे हे दोन्ही भाषांचे नुकसान आहे. जर्मनीत शाळा सक्तीची आहे आणि सुट्टीबाहेर मुलाला परवानगीशिवाय नेल्यास दंड होऊ शकतो. मोठ्या सुट्टीच्या तारखा राज्यागणिक बदलतात: बव्हेरियात ती ऑगस्टपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते, त्यामुळे गणपती ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या आरंभी आले तर जमते, ज्या राज्यांची सुट्टी आधी संपते तिथल्या मुलांना व्हिडिओवर आरती करावी लागते. आरतीची वेळ ठरवताना उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचे अंतर मोजावे.

१८. सोबत कुंदा, तूप, लोणचे नेता येते का?

लोणचे, मेतकूट, काळा मसाला, पापड, चटणी यांना अडचण नसते. बाटल्यांना झाकणाखाली प्लॅस्टिक लावून घट्ट बांधावे. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून प्रवाशाला मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणता येत नाहीत, आणि कुंदा म्हणजे आटवलेले दूधच, तेव्हा तो नियमात बसत नाही. साजूक तुपाचेही तेच. ताजी कढीपत्त्याची डहाळी आणि हापूस आंबे वनस्पती रोगमुक्त असल्याच्या प्रमाणपत्राविना चालत नाहीत. नारळ, केळी आणि अननस यांना मात्र यातून सूट आहे. 'आमच्या पिंटूने तर दोन किलो कुंदा नेला होता' असे सांगणारे प्रत्येक घरात असतात. पिंटूची बॅग त्या दिवशी उघडली गेली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. कुंदा विमानतळाकडे निघण्याआधी घरीच खाऊन घ्यावा.